एकाला पटलेलं नाही

मिरजेत, तंबोऱ्यांच्या गल्लीत, जिन्याने वर
आमची खोली आहे.
क्रूस नाही, वेदी नाही, पेटी-तबला नाही.
सात खुर्च्या गोल मांडलेल्या. आठवी
युनीसबाईंची, ती अजून कुणी हलवलेली नाही.

क्वेकर म्हणजे काय हो, पोस्टमन विचारतो.
प्रार्थना कशी करता?
मी सांगते, बसतो.
म्हणजे?
म्हणजे बसतोच.
खाली बशीरभाईंचा रंधा चालतो,
मधेच कुणीतरी एक तार
लावून बघतं, सोडून देतं.
आमचं भजन तेवढंच.

युनीसबाई दवाखान्यात नर्स होत्या.
दोन पांढरी पातळं, एक छत्री, एक स्टोव्ह.
त्या गेल्या, आणि ट्रंकेच्या तळाशी निघाले
कोळशाच्या कंपनीचे शेअर,
भावाने कधीतरी नावावर केलेले.
ते त्यांनी आम्हाला लिहून ठेवले होते.
दरसाल लाभांश येतो. त्यातून खोलीचं भाडं,
विजेचं बिल, चहापत्ती,
आणि कृष्णा घरात शिरली की
शंभरेक कुटुंबांना चटया.

पहिल्या रविवारी ओहोळ वकील म्हणाले,
विकून काय होणार? दुसरा घेईल.
खाण एक दिवसही थांबायची नाही,
चटया मात्र थांबतील.
खरंच होतं ते. कुणी काही बोललं नाही.
आमच्यात मतदान नसतं.
हात मोजून माणूस हरवता येतो,
पटवता येत नाही.

दुसऱ्या रविवारी पद्मावती आवटी
तासभर बसून म्हणाल्या,
माझ्या माहेरी दिवस बुडाला की जेवत नसत.
दिव्यावर किडा येतो म्हणून.
एका किड्यासाठी.
पुढे काही म्हणाल्या नाहीत.
वही मांडीवर घेऊन मी थांबले,
पण तेवढंच होतं.

तिसऱ्या रविवारी भरमू मगदूम उठले.
तीस वर्षं पाटबंधाऱ्यात. सांगलीच्या पुलावर
रात्री दोनला बॅटरी घेऊन
पाण्याची पातळी लिहिलेला माणूस.
म्हणाले, खालचे आकडे दरवर्षी पुसायचे,
मी दरवर्षी रंगवायचो.
वरचे, पन्नासच्या जवळचे,
एकदा रंगवले की तसेच कोरे राहायचे. नव्या नवरीसारखे.
निवृत्त व्हायच्या आधी
वरचाही रंग जायला लागला.
वकीलसाहेब, ते पाणी वर चढवायला
थोडे पैसे आपलेही आहेत.
आपणच चढवायचं,
आणि खाली उभं राहून चटया वाटायच्या.

मग गप्प. बराच वेळ.
एक भोपळा तासून झाला असावा खाली.

ओहोळ म्हणाले, मला पटलेलं नाही.
पण आडवा येत नाही. लिहून घ्या दोन्ही.

लिहिलं.
शेअर विकायचे.
एका मित्राला पटलेलं नाही, ते बाजूला उभे आहेत. खोलीतच.
आलेली रक्कम बँकेत ठेवली तर
बँक ती पुढे कुणाला देते, ते विचारून यायला
मगदूमांना नेमलं आहे.
मार्चअखेर खोली सोडायची.

बशीरभाई चहा घेऊन वर आले, ऐकून गेले.
पुन्हा आले.
म्हणाले, निम्म्या भाड्यात बसा.
यंदा भीमेकाठचे वेल अवकाळीने कुजले,
भोपळा आलाच नाही.
ही जागा गोदामाला हवी होती मला.
आता ठेवू काय तिच्यात?

आम्ही आभार मानले.
मानताना कुणी कुणाकडे बघितलं नाही.

शेवटी नोंद वाचून दाखवायची असते.
विकले, हा शब्द आला तेव्हा
पद्मावतीबाई म्हणाल्या, खोडा ना तो. सोडले, लिहा.
बरा वाटतो.

मी खोडायला घेतला.
विकलेच राहू दे,
ओहोळ म्हणाले.
पैसे घेतलेत ना आपण?